झाडीपट्टीतील व्हिडिओचे दुकान

एखाद्या गावाचा इतिहास लिहायला बसलो की आपली लेखणी देवळापासून सुरू होते आणि ग्रामपंचायतीपाशी थांबते. गावातल्या दुकानांचा इतिहास सहसा कोणी लिहीत नाही. त्यातही जे दुकान पंधरा-वीस वर्षे चालले आणि पुढे मिटले, त्याची आठवणही लोकांना नीट राहत नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतली व्हिडिओची दुकाने अशीच मिटली. आज वर्गात ‘व्हिडिओ कॅसेट’ हा शब्द उच्चारला तर निम्मे विद्यार्थी माझ्याकडे नुसते पाहत राहतात. म्हणून हे दुकान काय होते, ते कसे चाले, आपल्या झाडीच्या मुलुखात त्याने कोणते रूप घेतले आणि ते का बंद पडले, हे वार्षिकांकाच्या निमित्ताने मांडून ठेवावे असे ठरवले. त्याला आणखी एक कारण आहे; ते शेवटी येईलच.

या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार एवढाच की, १९८८ साली दहावीची परीक्षा दिल्यावर उन्हाळ्याचे दोन महिने, आणि पुढे प्रत्येक सुट्टीत, मूल येथे अशाच एका दुकानात मी वही लिहायला बसत असे. दुकान बसस्थानकापासून हाकेच्या अंतरावर होते. मालकांना सारे ‘भाऊ’ म्हणत. मीही म्हणत असे. पगार म्हणून काही नव्हते. रोज दुकान बंद होताना एक कॅसेट घरी न्यायची मुभा होती, आणि त्या वयात याहून मोठा पगार मला ठाऊक नव्हता.

प्रथम थोडी पार्श्वभूमी सांगायला हवी. घरगुती व्हिडिओ हे जपानी कारागिरीचे अपत्य. सोनी कंपनीने १९७५ साली ‘बीटामॅक्स’ यंत्र बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसी कंपनीने ‘व्हीएचएस’ आणले. दोहोंच्या स्पर्धेत व्हीएचएस टिकले. कॅसेट विकत घेण्यापेक्षा भाड्याने द्यावी ही कल्पना १९७७ च्या अखेरीस अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे जॉर्ज अ‍ॅटकिन्सन या गृहस्थाने दुकान थाटून प्रत्यक्षात आणली. आपल्याकडे ती यायला फार वेळ लागला नाही. मुंबईत १९६२ पासून पुस्तके भाड्याने देणारी ‘शेमारू’ ही लायब्ररी होती. तिनेच १९७९ साली व्हिडिओ कॅसेट भाड्याने द्यायला सुरुवात केली. हा धागा लक्षात ठेवण्यासारखा आहे. कॅसेटच्या दुकानाला ‘व्हिडिओ लायब्ररी’ हे नाव पडले ते उगाच नव्हे. सभासद, अनामत रक्कम, नोंदवही, उशीर झाल्यास दंड, हे सारे नियम पुस्तकांच्या वाचनालयातून जसेच्या तसे उचललेले होते.

१९८२ साली दिल्लीला आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या. त्याच वर्षी दूरदर्शन रंगीत झाले आणि परदेशी टीव्ही व व्हिडिओ यंत्रे आणण्यावरचे निर्बंध सैल झाले. योगायोग असा की, त्याच वर्षी २६ ऑगस्टला जुन्या चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा जन्माला आला. नवा जिल्हा आणि नवे यंत्र एकाच सुमारास आपल्या भागात आले, असे म्हणायला हरकत नाही.

आता, शहरातल्या माणसाला व्हिडिओची गरज वाटली ती सोयीसाठी. आपल्या भागात ती वाटली ती अभावापोटी. सिनेमा तेव्हा पोहोचत कसा होता ते पाहा. अडीच तासांच्या चित्रपटाची पस्तीस मिलिमीटरची फिल्म चार किलोमीटरहून अधिक लांब भरते. ती लोखंडी पेट्यांत भरून एका टॉकीजमधून दुसऱ्या टॉकीजला जायची. प्रिंटा मोजक्या, आणि त्यांचे वाटप सिनेधंद्याच्या आपल्या खास भूगोलानुसार होई. आपला विदर्भ त्या भूगोलात ‘सी. पी. बेरार’ या विभागात मोडतो. सी. पी. अँड बेरार हा प्रांत केव्हाच इतिहासजमा झाला, पण सिनेमाच्या धंद्याने ते नाव सोडले नाही. नवा चित्रपट आधी नागपूर-अमरावती, मग चंद्रपूर-बल्लारपूर अशी पायरी-पायरीने खाली येई. टॉकीज असलेल्या तालुक्याच्या गावी तो पोहोचेपर्यंत फिल्मवर पावसासारख्या रेघा पडलेल्या असत. तालुक्याच्याही पलीकडे, सिंदेवाहीच्या किंवा धानोऱ्याच्या आतल्या जंगलातल्या गावी, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमाशिवाय काही नव्हते. मार्कंड्याची महाशिवरात्र आणि चंद्रपूरच्या महाकालीची चैत्रातली यात्रा, एवढ्यावर वर्ष काढायचे.

दूरदर्शनचे म्हणाल तर १९८४ च्या सुमारास देशभर लघुशक्तीची प्रक्षेपण केंद्रे झपाट्याने उभी राहिली खरी. पण अशा केंद्राचा पल्ला पंधरा-वीस किलोमीटरचा. त्यापलीकडे उंच बांबूला अँटेना बांधून चहूदिशांना फिरवली तरी पडद्यावर नुसत्या मुंग्या. अशा ठिकाणी अडीचशे मीटर फीत पोटात घेतलेली, वहीएवढ्या आकाराची कॅसेट एसटीच्या पिशवीतून येऊ लागली, तेव्हा लोकांना तिचे अप्रूप वाटले ते साहजिक होते.

या कॅसेटमध्ये चित्र मावते कसे, हा प्रश्न मला त्या काळी फार छळत असे. भाऊंनी एकदा यंत्राचे झाकण काढून दाखवले, तेव्हापासून त्याचे कुतूहल गेले नाही. कॅसेटमधली फीत म्हणजे प्लॅस्टिकची पातळ पट्टी. रुंदी अर्धा इंच. तिच्या एका बाजूवर लोहाच्या भस्मासारखी चुंबकीय भुकटी एका चिकट लेपाने बसवलेली असते. ध्वनीची टेप सरळ सरळ पुढे सरकते आणि स्थिर ‘हेड’ तिच्यावरचे वाचते. पण चित्रात माहिती इतकी असते की, तशा पद्धतीने अडीच तासांच्या चित्रपटाला कित्येक किलोमीटर फीत लागली असती. यावर उपाय असा काढला की, फीत संथ सरकवायची आणि हेडच गरगर फिरवायचे. व्हीएचएसची फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते. पण ज्या तिरप्या पिंपाभोवती ती गुंडाळलेली असते ते पिंप मिनिटाला १५०० फेरे घेते. पिंपावरची दोन हेडे फितीवर तिरप्या रेघा ओढत जातात. अरुंद बांधीत नांगर सरळ न धरता तिरपा धरला तर तास लांब निघतो, तसाच हा प्रकार. एका फेऱ्यात एक पूर्ण चित्र. सेकंदाला पंचवीस चित्रे.

‘ट्रॅकिंग’ नावाचे बटण फिरवून चित्र साफ करायचे म्हणजे हेड त्या तिरप्या तासावर बरोबर आणायचे. आणि ‘हेड खराब झाले’ म्हणजे बहुतेक वेळा त्या केसाएवढ्या फटीत फितीवरची भुकटी जाऊन बसलेली असायची. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांचा तडाखा आणि पावसाळ्यात भिंतीला ओल, हे आपले हवामान या यंत्राचे वैरीच होते. ओलीने लेप सैल पडतो, भुकटी सुटते, फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरते. श्रावणात भाऊ कॅसेटच्या कपाटात साठ वॅटचा दिवा लावून ठेवत, तो उजेडासाठी नव्हे, उबेसाठी.

आता दुकानाच्या व्यवहाराकडे वळू. शहरातल्या व्हिडिओ लायब्ररीची जी चित्रे आपण वाचतो त्यांत सभासद संध्याकाळी येतो, एक कॅसेट निवडतो आणि घरी नेऊन कुटुंबासोबत पाहतो. मूलमध्येही असे सभासद होते. शिक्षक, बँकेतले कारकून, भातगिरणीचे मालक. पण वहीत त्यांच्या ओळी थोड्या. खरी गिऱ्हाइके खेड्यातली होती, आणि ती कॅसेट न्यायला येत नसत. ‘व्हिडिओ’ न्यायला येत. व्हिडिओ न्यायचा म्हणजे रंगीत टीव्ही, व्हीसीपी, स्टॅबिलायझर, तीन कॅसेट आणि सोबत दुकानाचा एक माणूस, एवढे सगळे एका रात्रीपुरते न्यायचे. वीज बेभरवशाची असेल तर जनरेटरचे पैसे वेगळे. चंद्रपूरच्या महाऔष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला होता. पण ज्या जिल्ह्यात वीज तयार होत होती त्याच जिल्ह्यातल्या खेड्यांकडे आम्ही जनरेटर पाठवत होतो, ही गोष्ट मला वही लिहितानाच प्रथम जाणवली.

सामान बैलगाडीत तणशीच्या गादीवर ठेवले जाई. टीव्हीला गोधडीत गुंडाळून एक जण मांडीवर धरून बसे. गावात पोहोचल्यावर पाटलाच्या नाहीतर समाजमंदिराच्या अंगणात टेबलावर टेबल ठेवून त्यावर टीव्ही मांडायचा. आठ-नऊच्या सुमारास पहिला पिक्चर, आणि तिसरा संपेपर्यंत कोंबडा आरवायचा. पैसे वर्गणीतून. कोणाकडे रोख नसेल तर पायलीभर धान. काही गावांत हे धान गोळा करून तालुक्याला विकत आणि मग भाऊंचे पैसे चुकते करत. भाऊ महिनाभर थांबत, कारण वहीत गावाचे नाव होते आणि गाव कुठे पळून जात नाही, असे ते म्हणत.

वहीचे रकाने असे: तारीख, गाव, नेणाऱ्याचे नाव, कोणाच्या ओळखीने, यंत्राचा क्रमांक, कॅसेटी, अनामत, परत. ‘कोणाच्या ओळखीने’ हा रकाना भाऊंनी स्वतः घातलेला होता. अनामत कमी-जास्त चाले, पण ओळखीशिवाय यंत्र दुकानाबाहेर पडत नसे.

दोन-तीन वर्षांच्या वह्या चाळल्या तर एक ठळक गोष्ट दिसे. आषाढ-श्रावणात, रोवणीच्या दिवसांत, पानेच्या पाने कोरी. गणपती-शारदेत थोडी गर्दी. धान कापून, चुरून घरात आले की दिवाळीनंतर जी रांग लागे ती होळीपर्यंत हटत नसे. मे महिन्यात तेंदूपत्त्याची मजुरी हातात आली की पुन्हा आठ-पंधरा दिवस धामधूम. म्हणजे दुकानाचे वर्ष शेताच्या आणि जंगलाच्या वर्षाला बांधलेले होते.

हे वेळापत्रक आपल्या वाचकांना ओळखीचे वाटले असेल. हेच वेळापत्रक झाडीपट्टीच्या नाटकांचे आहे. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, लेकी-जावई, पाहुणे येतात आणि रात्रभर नाटक रंगते. अंगणात, उघड्यावर, वर्गणी काढून, रात्रभर, पाहुण्यांसह, ही आपल्याकडची करमणुकीची रीत व्हिडिओच्या कितीतरी आधीची आहे. दंडार आणि खडी गंमत यांनी ती घडवली, नाटकांनी ती पुढे चालवली. व्हिडिओ यंत्र जपानचे, कॅसेट मुंबईची. पण ते ज्या रीतीने पाहिले गेले ती रीत अस्सल झाडीची होती. शहराने व्हिडिओला वाचनालयाच्या साच्यात बसवले, आपण त्याला मंडईच्या साच्यात बसवले, असे मला वाटते. आमचे दुकान गावाला एक जागरण भाड्याने देत होते; पिक्चर हे त्या जागरणाचे निमित्त.

म्हणून निवडही एकट्या-दुकट्याची नसे. कॅसेट ठरवायला चार-पाच जण एकत्र येत आणि दुकानात अर्धा तास खल चाले. पहिला पिक्चर देवाधर्माचा किंवा घरगुती, कारण त्या वेळी म्हाताऱ्या आणि बाया-पोरे जागी असत. ‘जय संतोषी माँ’ या १९७५ सालच्या चित्रपटाची आमची कॅसेट झिजून गेली होती. दुसरा पिक्चर दादा कोंडक्यांचा नाहीतर लक्ष्मीकांत बेर्डे-अशोक सराफ यांचा. तिसरा मारामारीचा, तो तरुण पोरांसाठी. ‘शोले’ मागितला तर भाऊ आधीच बजावत, कारण तो तीन तासांहून लांब असल्याने एका कॅसेटमध्ये मावत नसे आणि दुसरी कॅसेट कोणीतरी हमखास विसरून येई. दूरदर्शनवर ‘रामायण’ मालिका जानेवारी १९८७ ते जुलै १९८८ चालली. ज्या गावांत दूरदर्शन दिसत नव्हते तिथल्या लोकांसाठी भाऊ नागपूरच्या नातेवाइकाकडून ती टेप करून आणत. नागभीडहून नागपूरला जाणाऱ्या छोट्या गाडीने त्या कॅसेटी येत. (ती छोटी लाईन रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली.) अंगणात टीव्हीपुढे उदबत्ती लावून सुरू झालेले ते भाग पाहायला ज्या बाया येत, त्यांच्यापैकी कित्येकींनी टॉकीजचा उंबरा कधी ओलांडलेला नव्हता. तालुक्याला जाऊन सिनेमा पाहणे हे बाईमाणसासाठी सोपे नव्हते. आपल्याच अंगणात पाहायला कोणाची ना नव्हती. व्हिडिओमुळे पोरे बिघडली असे त्या काळी पुष्कळ लिहिले गेले. याच व्हिडिओने बायकांना सिनेमा दाखवला, हे मात्र फारसे कोणी लिहिले नाही.

भाषेचा प्रश्नही होता. एटापल्ली-भामरागडकडच्या एका आश्रमशाळेत नोकरी केलेल्या एका निवृत्त गुरुजींनी मला सांगितले की, तिथे व्हिडिओ आला की शाळेतला एखादा मोठा मुलगा टीव्हीशेजारी उभा राहून हिंदी संवादांचा अर्थ माडियात सांगत असे. आणि तो सांगायचा त्यात त्याचे स्वतःचेही बरेच असायचे. ही रीत जगावेगळी नाही. मूकपटांच्या काळात जपानमध्ये ‘बेन्शी’ नावाचे निवेदक पडद्याशेजारी उभे राहून कथा सांगत. युगांडातील व्हिडिओ हॉलमध्ये ‘व्हीजे’ म्हणवणारे लोक परदेशी चित्रपट चालू असतानाच लुगांडा भाषेत त्याचे निवेदन करतात आणि त्यांची नावे नटांइतकी प्रसिद्ध होतात. आपल्या जंगलातल्या त्या मुलांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत.

या व्यवसायाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दुकानांतल्या कॅसेटींपैकी मोठा हिस्सा चोरीचा असे. परदेशासाठी, विशेषतः आखाती देशांसाठी, विकलेल्या हक्कांच्या कॅसेट उलट्या वाटेने भारतात येत. चित्राच्या खालून कुठल्याशा परदेशी दुकानाची जाहिरात सरकत जाई. एका कॅसेटवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी नक्कल करत गेले की रंग फिके पडत आणि माणसांच्या कडा लाल-निळ्या दिसू लागत. याला आळा घालण्यासाठी १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली दुरुस्ती झाली. सिनेमाच्या कायदेशीर व्याख्येत व्हिडिओ आला, कॅसेटवर हक्कधारकाचे नाव आणि सेन्सॉरचा दाखला असणे सक्तीचे झाले आणि नक्कल करून धंदा करणाऱ्यास किमान सहा महिने कैद व पन्नास हजार रुपये दंड अशी तरतूद झाली. व्हीसीआरवर लोकांना चित्रपट दाखवणे हेही सिनेमा दाखवणेच ठरते आणि त्याला परवाना लागतो, हे १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका प्रकरणात स्पष्ट केले. या कायद्याच्या नजरेने पाहिले तर आमच्या अंगणातल्या कितीतरी रात्री बेकायदेशीर होत्या. निर्माता, वितरक, टॉकीजवाला आणि सरकारचा करमणूक कर, या सर्वांचे त्यात नुकसान होते, हे नाकारता येणार नाही. पण ज्या गावी ना टॉकीज होती ना वितरकाची पेटी येणार होती, तिथे नेमके कोणाचे गिऱ्हाईक पळवले गेले, हा प्रश्नही तितकाच खरा आहे. अर्थशास्त्राच्या आणि राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी यावर वाद घालायला हरकत नाही.

दुकाने बंद पडली ती मात्र कायद्याने नव्हे. १९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आणि केबल आली. १९९२ च्या ऑक्टोबरात झी टीव्ही सुरू झाला. नव्वदीच्या उत्तरार्धात व्हीसीडी आली. एका तबकडीत सव्वा तासाचा मजकूर मावे, म्हणून एका हिंदी पिक्चरला दोन किंवा तीन तबकड्या लागत. पण ना बुरशी, ना रिवाइंड. यंत्र इतके स्वस्त झाले की भाड्याने न्यायची गरजच उरली नाही. पुढे मोबाइलच्या दुकानात वीस-तीस रुपयांत मेमरी कार्ड भरून मिळू लागले; तो व्हिडिओच्या दुकानाचा शेवटचा वंशज. २०१६ नंतर स्वस्त इंटरनेटने त्याचीही गरज संपवली. त्याच २०१६ साली जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे थांबवले. जगातला तो शेवटचा कारखाना. आमचे मूलचे दुकान त्याच्या बरेच आधी मोबाइल रिचार्जचे झाले होते.

आणि नाटक? व्हिडिओ आला तेव्हा जाणती माणसे म्हणत की, आता झाडीपट्टीचे नाटक बुडाले. तसे झाले नाही. वडसा हे नाट्यमंडळांचे ठाणे आजही गजबजलेले आहे, मंडईत आजही रात्रभर नाटक होते, आणि २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली. मला याचे कारण सोपे वाटते. पिक्चर प्रत्येकाच्या खिशात आला तेव्हा तो एकत्र पाहण्याचे निमित्त संपले. पण मंडईला येणारा पाहुणा खिशात मावत नाही. एकत्र जागण्याची जी रीत व्हिडिओने नाटकाकडून उसनी घेतली होती, ती नाटकाकडे परत गेली.

इथपर्यंत हे सारे आठवणींचे झाले. ज्या कारणासाठी लिहायला बसलो ते आता सांगतो.

व्हिडिओच्या दुकानांनी फक्त मुंबईचे पिक्चर भाड्याने दिले नाहीत. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस बहुतेक दुकानदारांनी खांद्यावर घ्यायचा कॅमेरा आणला आणि ‘व्हिडिओ शूटिंग’ सुरू केले. लग्ने, बारशी, शाळांची स्नेहसंमेलने, गावचे शंकरपट, आणि मंडईतली नाटके कॅसेटवर उतरली. मालेगावची गोष्ट अनेकांना ठाऊक असेल. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी त्याच साधनांतून २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला आणि त्या गावाची स्वतःची चित्रपटसृष्टी उभी राहिली. तिच्यावर माहितीपट निघाला, अलीकडे हिंदी चित्रपटही निघाला. आपण चित्रपट काढले नाहीत; आपण आपली माणसे टिपली. तो ठेवा मोठा आहे. त्या फितींवर आज हयात नसलेले नट आहेत, आज कोणी गात नसलेली लग्नातली गाणी आहेत, आजी-आजोबांच्या तोंडची झाडीबोली आहे, आणि ज्यांचे एकही छायाचित्र कुठे नाही असे सालदार-मजूर पंगतीत वाढताना दिसतात.

आणि हा ठेवा नासत चालला आहे. युनेस्कोने २०१९ साली चुंबकीय फितींबाबत जगाला इशाराच दिला. फिती कुजत आहेत, यंत्रे संपत आहेत आणि ती दुरुस्त करणारे हात त्याहून लवकर संपत आहेत, असा त्याचा आशय. हिंदी पिक्चरची चिंता करण्याचे कारण नाही. त्यांच्या मूळ फिल्म सांभाळायला पुण्याला १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. पण मूल तालुक्यातल्या एका मंडईतल्या नाटकाची एकच प्रत असते आणि ती कोणाच्या तरी माळ्यावर धानाच्या कणगीशेजारी पडलेली असते. मागच्या पावसाळ्यात माझ्या एका नातेवाइकाच्या घरून अशा अकरा कॅसेट मी आणल्या. चार बुरशीने गेल्या होत्या. दोनवर कोणीतरी नंतर टीव्हीवरचा पिक्चर टेप केला होता. उरलेल्या पाच निघाल्या. त्यांतल्या एकीत माझ्या मावशीचे लग्न होते, आणि मांडवाच्या कडेला वायर सांभाळत उभे असलेले भाऊ होते. ते जाऊन आता नऊ वर्षे झाली. त्यांचा चालता-बोलता असा दुसरा पुरावा त्यांच्या मुलाकडेही नव्हता.

तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, घरी गेल्यावर माळा पाहा. कॅसेट सापडली तर घाईने यंत्रात घालू नका. कडेला पांढरी बुरशी असेल तर ती फीत तर तुटेलच, पण हेडाला लागून पुढच्या कॅसेटलाही लागण होईल. कॅसेटच्या कडेला प्लॅस्टिकची एक चौकोनी पाकळी असते. ती मोडून टाका, म्हणजे तिच्यावर चुकूनही दुसरे काही टेप होणार नाही. पुस्तकासारखी उभी ठेवा, ओलीपासून आणि लाऊडस्पीकरच्या लोहचुंबकापासून दूर ठेवा. वर कोणाचे नाव, गाव, साल लिहिलेले असेल तर ते पुसू देऊ नका. लिहिलेले नसेल तर घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच लिहा. चालू यंत्रातून संगणकावर उतरवायला तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, त्याला जवळची वाट नाही.

माझी सूचना एवढीच की, मराठी आणि इतिहास विभागांनी मिळून, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांचा उपयोग करून, निदान आपल्या तालुक्यातल्या अशा कॅसेटींची एक वही तयार करावी. कोणत्या गावी, कोणाच्या घरी, कशाची, कोणत्या सालची. चालू स्थितीतले एक यंत्र माझ्याकडे आहे, ते मी महाविद्यालयाला देतो. वहीचे रकाने आखायचे काम मला जमते. फक्त भाऊंचा ‘कोणाच्या ओळखीने’ हा रकाना तीत ठेवावा, एवढी विनंती आहे. पुढच्या पावसाळ्याच्या आत पहिली पाने भरली गेली तर बरे.